ड्युरियन: कोणता खाल्ला, कधी खाल्ला?

ड्युरियन हे आग्नेय आशियातलं काटेरी, वासासाठी प्रसिद्ध फळ. ते खाऊन एकाला सडका कांदा आठवतो, दुसऱ्याला घट्ट बासुंदी. दोघंही बरोबर असू शकतात, कारण फळ एकच नसतं, वाण वेगवेगळे. थायलंडचा मोनथोंग हा वाण पूर्ण पिकण्याआधी झाडावरून कापतात. गर घट्ट, गोड, वास बेताचा. मलेशियाचा मुसांग किंग पिकून आपोआप पडतो; गर लोण्यासारखा, कडवट झाक, वास उग्र. तो वास गंधकाच्या संयुगांचा, कांद्यातही तीच जातकुळी. आपल्याकडे काप्या-बरक्या फणसावरून घरात दोन तट पडतात, तसंच हे.

नवख्याने मोनथोंगच घ्यावा. देठ ताजा, ओलसर हवा. कानाशी धरून हलवल्यावर आत किंचित हललेलं जाणवलं, की पिकला. आपोआप उकललेला घेऊ नका: हवा लागून गर आंबतो, आणि बहुतेकांची पहिली नावड इथेच तयार होते. जाड हातमोजे घालून, देठाच्या विरुद्ध टोकाला शिवणींवर सुरीचं टोक खुपसून पिळा. पाच कप्पे सुटतात. उरलेला गर हवाबंद डब्यातच ठेवा, नाहीतर फ्रिजमधलं दूधसुद्धा वास धरतं.