बाहेरच्या एपीआयच्या टेस्ट नुसत्या मॉकवर भागतात?

टेस्टवेडा: काल एकाने इथे लिहिलं, थर्ड-पार्टी एपीआयवर (दुसऱ्या कंपनीच्या सेवेशी आपला कोड जिथून बोलतो ते) एंड-टू-एंड टेस्ट म्हणजे वेळेची नासाडी, सगळं मॉक करा, म्हणजे खऱ्या एपीआयऐवजी नकली उत्तर ठेवा, आणि सीआय (आपोआप टेस्ट चालवणारी यंत्रणा) हिरवं ठेवा. डोकंच फिरलं वाचून. अहो, मॉकमध्ये आपणच लिहिलेलं उत्तर असतं, ते आपल्या कोडला पटणारच ना! आमच्या पेमेंटवाल्यांनी रिफंडची रक्कम अचानक आकड्याऐवजी स्ट्रिंग म्हणून पाठवायला सुरुवात केली, मॉकमध्ये आकडाच, सगळ्या टेस्ट पास आणि प्रॉडक्शनमध्ये रिफंड अडकलेले. त्यांच्या सँडबॉक्सवर (चाचणीसाठी दिलेल्या एपीआयवर) रोज एक टेस्ट चालली असती तर ग्राहकांच्या आधी आम्हाला कळलं असतं.

रात्रपाळी: रोज चालली असती आणि रोज फेलही झाली असती. कधी सँडबॉक्स बंद, कधी टोकन (एपीआयला ओळख पटवणारी किल्ली) एक्स्पायर, नाहीतर ४२९, म्हणजे रिक्वेस्ट जास्त झाल्याचा एरर. आमच्या जुन्या टीममध्ये लाल दिसलं की लॉग न उघडताच लोक रीरन दाबायचे. गिटहबचा एपीआय टोकनशिवाय एका आयपीला तासाला ६० रिक्वेस्ट देतो, सीआयचे जॉब एकाच आयपीवरून निघाले की संपलंच.

टेस्टवेडा: मग टोकन लावा, ५,००० मिळतात. आणि ही टेस्ट कोड मर्ज होण्याच्या वाटेत ठेवा असं म्हटलंय कुठे मी? मर्जला मॉक, रात्री खरा एपीआय. ४२९ आलं तर रिट्राय-आफ्टर हेडर वाचा, तेवढं थांबा. नीट वाचून तरी भांडा!

स्लीपविरोधक: तुम्ही दोघं भांडा, पण फ्लेकी (कधी पास, कधी फेल होणाऱ्या) टेस्टचं मूळ निम्म्या वेळा स्लीप(१०) मध्ये, म्हणजे नुसतं दहा सेकंद थांबण्यात असतं. वेबहुक (समोरच्या सर्व्हरने स्वतःहून पाठवलेला निरोप) कधी सेकंदात येतो, कधी मिनिटाने, आणि क्रमाची खात्री पेमेंट कंपनी स्ट्राइपसुद्धा देत नाही. ठरावीक वेळ झोपण्यापेक्षा दर सेकंदाला स्टेटस विचारा, दोन मिनिटांत नाही आलं तर फेल करा, आणि शेवटचं उत्तर लॉगमध्ये छापा. हे शेवटचं कोणीच करत नाही!

रात्रपाळी: आणि तोवर टाइमआउट होऊन रिट्रायने दोनदा चार्ज पडला तर?

स्लीपविरोधक: म्हणूनच आयडेम्पोटन्सी की, म्हणजे तीच रिक्वेस्ट परत आली हे ओळखायची खूण. रिट्रायला तीच, पण प्रत्येक रनला नवी. काही जण ती टेस्टमध्ये कायमची लिहून ठेवतात, मग थोड्या वेळाने परत रन केलं की स्ट्राइप साठवलेलं पहिलंच उत्तर देतं आणि टेस्ट काहीही न तपासता पास होते. असलं हिरवं बघितलं की संताप येतो.

टेस्टवेडा: अगदी. टेस्ट कस्टमरच्या नावातही रन आयडी घाला, नाहीतर दोन रन एकमेकांचा डेटा पुसतात.

रात्रपाळी: बरं, रात्रीचं वेगळं चालवणं मान्य, तेवढंच. पण फेल झालेलं सकाळी बघणार कोण? आमच्याकडे त्या मेलला सगळ्यांनी फिल्टर लावलाय.

टेस्टवेडा: ज्याने इंटिग्रेशन लिहिलं त्याने. आणि समोरच्याचा सर्व्हर पडला असेल तर टेस्टने तसं वेगळं सांगावं, ५०३ आणि चुकीची रक्कम एकाच लाल रंगात दाखवाल तर फिल्टर लागणारच.

रात्रपाळी: लिहिणारा नोकरी सोडून गेलाय.

टेस्टवेडा: मग ते इंटिग्रेशन आज कोणाच्या नावावर आहे ते आधी मॅनेजरला विचारा, टेस्टवर कशाला राग काढताय?