गंमत नटाची, मग बाकीचे झोपले होते का?

खिडकीतला प्रेक्षक: काल कुणीतरी ठोकून दिलंय, "सेटवरच्या थट्टेतून आलेले क्षणच सिनेमात जिवंत असतात, लेखक नुसते कागद काळे करतात." डोकंच फिरलं. 'गुड विल हंटिंग' (1997) घ्या. झोपेत पादणाऱ्या बायकोचा किस्सा रॉबिन विल्यम्सने ऐनवेळी घुसडला, मॅट डेमन खरोखर खिदळतोय, मान्य. पण प्रसंग पादण्यावर थांबत नाही. गेलेल्या बायकोच्या असल्याच खोडी आता आठवतात, तिथे तो जातो. त्या दुःखाशिवाय हा किस्सा म्हणजे कट्ट्यावरचा पाचकळपणा. आणि खिदळणारा डेमन स्वतःच पटकथेचा सहलेखक!

मधल्या रांगेतली: मग 'यंग फ्रँकेन्स्टाइन'चं (1974) काय? कुबड्या नोकराचं काम करणारा मार्टी फेल्डमन गुपचूप कुबड या खांद्यावरून त्या खांद्यावर सरकवायचा, कित्येक दिवस कुणाला पत्ताच नाही. हे कुठल्या कागदावर होतं?

खिडकीतला प्रेक्षक: पत्ता लागल्यावर दिग्दर्शक मेल ब्रुक्सनेच ते ठेवलं ना? सिनेमात त्यावर सवालजवाबही आहे.

विंगेतला म्हातारा: नटांना सूट देऊच नका. आमचा स्पर्धेचा प्रयोग, मी प्रॉम्प्टर. काकाचं काम करणाऱ्याला पहिल्याच अंकात हशा मिळाला आणि गडी सुटला! अ‍ॅडिशनवर अ‍ॅडिशन, म्हणजे संहितेत नसलेली पदरची वाक्यं. त्या नादात चिठ्ठीचं वाक्यच खाल्लं. तिसऱ्या अंकात सगळे चिठ्ठीवरून रडतायत आणि प्रेक्षक विचारतायत, कसली चिठ्ठी? वर अभिनयाचं प्रमाणपत्र त्यालाच.

मधल्या रांगेतली: 'विच्छा माझी पुरी करा'त दादा कोंडके काय करायचे मग?

विंगेतला म्हातारा: अहो, वग आहे तो! वगात सोंगाड्याला मोकळं रान असतंच. बंदिस्त नाटकात तेच केलं तर दरोडा.

मधल्या रांगेतली: काका, तुमचा राग अ‍ॅडिशनवर नाही, प्रमाणपत्रावर आहे.

विंगेतला म्हातारा: आहेच. तीस वर्षं झाली, अजून आहे.

कात्रीवाला: मी लग्नाचे व्हिडिओ कापतो. नवरदेवाच्या मित्रांच्या दहा गमतींतल्या नऊ फेकाव्या लागतात, दहावीसुद्धा भीडेखातर. 'प्रिटी वुमन'मध्ये (1990) रिचर्ड गियरने दागिन्याची पेटी ज्युलिया रॉबर्ट्सच्या बोटांवर पटकन मिटली, ती खळाळून हसली. ते हसू ज्याने कापलं नाही, त्याचं नाव कुणी घेतंय का इथे?

खिडकीतला प्रेक्षक: घ्या. ते हसू मात्र कुठल्याच लेखकाला लिहिता आलं नसतं. झालं समाधान?

मधल्या रांगेतली: स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

विंगेतला म्हातारा: आणि प्रमाणपत्राचं काय?