पोस्टग्रेस १३ वरून थेट १८: नावाने शोधलं तर दूध उत्पादक सापडत नाही, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

तालुक्यातल्या गावोगावच्या दूध संस्थांचा हिशेब ज्या सर्व्हरवर चालतो, तो मी सांभाळतो. डेटाबेस सॉफ्टवेअर पोस्टग्रेस १३, ऑपरेटिंग सिस्टिम सेंटओएस ७, डेटाबेस साधारण ४० जीबी. सेंटओएस ७ चा सपोर्ट जून २०२४ मध्ये संपला, पोस्टग्रेस १३ चा नोव्हेंबर २०२५ मध्ये. आता नवीन मशीन आलंय, त्यावर उबुंटू २४.०४ टाकलंय आणि पोस्टग्रेस १८ वर जायचं ठरवलंय.

वेळ फार नाही. संध्याकाळचं संकलन साडेआठला आटोपतं आणि पहाटे साडेपाचला पहिली किटली काट्यावर येते. मधली रात्र तेवढी माझी. १, ११ आणि २१ तारखेला बिलं निघतात, त्या आसपास सर्व्हरला हात लावायचा नाही.

१८ च का, तर मुख्यतः स्किप स्कॅनसाठी, म्हणजे इंडेक्सचा (शोधासाठीच्या क्रमवार सूचीचा) पहिला कॉलम क्वेरीत नसला तरी तो वापरता येण्याच्या सोयीसाठी. आमच्या संकलनाच्या टेबलावरचा मोठा इंडेक्स सत्र, संस्था, उत्पादक क्रमांक, तारीख या क्रमाने आहे. संस्थेच्या सचिवांचा फोन येतो: "४१२ नंबरचा वर्षभराचा उतारा काढून द्या." या क्वेरीत संस्था आणि क्रमांक असतात, सत्र नसतं. पहिलाच कॉलम गाळला की १३ मध्ये तो इंडेक्स जवळजवळ निरुपयोगी, म्हणून सत्र वगळून दुसरा इंडेक्स करून ठेवलाय. दुधाच्या प्रत्येक नोंदीला तोही लिहावा लागतो. चाचणीच्या मशीनवर १८ मध्ये हा दुसरा इंडेक्स काढून पाहिला. सत्रं दोनच, सकाळ आणि संध्याकाळ. त्यामुळे प्लॅनर (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा भाग) मोठ्या इंडेक्समध्येच प्रत्येक सत्रासाठी वेगळी उडी मारतो. एक्सप्लेन ॲनालाइझमध्ये (क्वेरी प्रत्यक्ष कशी चालली ते दाखवणाऱ्या आदेशात) आता 'इंडेक्स सर्चेस' अशी नवी ओळ येते, तिथे मोजकेच शोध दिसले. उतारा लगेच आला. हे पाहून मला खरंच फार आनंद झाला.

आता अडचण. जुनी डेटा डिरेक्टरी नव्या मशीनवर कॉपी केली, तिथे १३ आणि १८ दोन्ही बसवून पीजी_अपग्रेड (आवृत्ती बदलण्याचं साधन) चालवलं. आधी ते चेकसमवर (डेटा बिघडलाय का ते ओळखणाऱ्या खुणांवर) अडलं, कारण १८ मध्ये इनिटडीबी (नवा क्लस्टर, म्हणजे डेटाबेसचा संच, बनवणारा आदेश) चेकसम आपोआप चालू करतं आणि आमच्या जुन्या क्लस्टरमध्ये ते बंद आहेत. नवा क्लस्टर चेकसमशिवाय बनवला, मग अपग्रेड विनातक्रार झालं. यावेळी प्लॅनरची आकडेवारीही सोबत आली, ती सोय उत्तम आहे.

पण नावाने शोधलं तर 'ज्ञानेश्वर' नावाचा एक उत्पादक सापडेना. यादीत माणूस दिसतो, शोधात शून्य ओळी. इंडेक्स स्कॅन आणि बिटमॅप स्कॅन दोन्ही (म्हणजे इंडेक्सचा वापरच) बंद करून तीच क्वेरी चालवली, तर सापडला! लॉगमध्ये कुठलाही इशारा नाही. डेटा खराब झालाय का? आणखी किती नावं अशी हरवली असतील, या विचाराने झोप नाही. या नोंदींवर लोकांचे पैसे निघतात.

दुसरं, गावातल्या काही केंद्रांवरचं जुनं जावा सॉफ्टवेअर नव्या सर्व्हरवर लॉगिनच होत नाही. पासवर्ड तेच आहेत.

प्रतिसाद १

डेटा शाबूत आहे, घाबरू नका. बिघडलाय तो इंडेक्सचा क्रम. तुमचा मजकुराचा क्रम पोस्टग्रेस स्वतः ठरवत नाही, ऑपरेटिंग सिस्टिमची जीलिबसी ही मूळ लायब्ररी ठरवते. सेंटओएस ७ वर जीलिबसी २.१७ होती, उबुंटू २४.०४ वर २.३९ आहे, आणि मधल्या २.२८ मध्ये क्रमाचे नियम मोठ्या प्रमाणात बदलले. इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेला, शोध नव्या क्रमाने चाललेला. मग झाडाच्या चुकीच्या फांदीवर जाऊन 'नाही' असं उत्तर येतं. पीजी_अपग्रेड इंडेक्स नव्याने बांधत नाही, आहे तसे उचलतं. यात युनिक इंडेक्स (एकच नोंद दोनदा येऊ न देणारा) सर्वांत घातक, कारण एकच नाव दोनदा घुसू शकतं.

मजकुराचे सगळे इंडेक्स रीइंडेक्स केले (नव्याने बांधले) तर हेही चालेल. पण ४० जीबीसाठी मी डंप आणि रिस्टोअरच (सगळा डेटा बाहेर काढून नव्या ठिकाणी भरणं) करेन. जुनं मशीन चालू ठेवा आणि नव्या मशीनवरच्या १८ च्या पीजी_डंपने नेटवर्कवरून डंप घ्या, डिरेक्टरी फॉरमॅटमध्ये, समांतर जॉब लावून. इंडेक्स नव्याने बांधले जातील आणि चेकसमही चालू मिळतील. मात्र अशा डंपमध्ये आकडेवारी आपोआप येत नाही. रिस्टोअर संपलं की ॲनालाइझ (आकडेवारी गोळा करणारा आदेश) न विसरता चालवा, नाहीतर पहाटेच्या गर्दीत सगळं रांगेत उभं राहील.

प्रतिसाद २

लॉगिनचं सांगतो. १३ मध्ये पासवर्ड मुळात एमडी५ या जुन्या पद्धतीने साठवले जायचे. नव्या क्लस्टरच्या एचबीए फाइलमध्ये (कोणी कसं लॉगिन करायचं ते तिथे ठरतं) बहुधा 'स्क्रॅम' ही नवी पद्धत लिहिली असेल, आणि एमडी५ ने साठवलेला पासवर्ड तिथे चालत नाही. सध्या त्या केंद्रांच्या ओळीत 'एमडी५' ठेवा. स्क्रॅमने साठवलेले पासवर्डही त्याच ओळीतून चालतात. १८ मध्ये एमडी५ अजून चालतं, पण ते पुढे काढणार असं जाहीर झालंय, म्हणून एकेका केंद्राचा पासवर्ड नव्याने सेट करत चला. त्याआधी जावाचा ड्रायव्हर (पोस्टग्रेसशी जोडणारा भाग) किमान ४२.२.० आहे का ते बघा, त्याआधीच्यांना स्क्रॅम कळत नाही.

धागालेखक

दोघांचेही मनापासून आभार. काल रात्री नव्या मशीनवर पूर्ण तालीम केली. साडेनऊला डंप सुरू केला, बाराच्या आत रिस्टोअर आणि ॲनालाइझ दोन्ही झालं. पहिला शोध 'ज्ञानेश्वर' हाच टाकला आणि तो सापडला. मग ११ ते २० तारखेची बिलं दोन्ही मशीनवर काढून संस्थावार बेरजा ताडल्या; पैशाचाही फरक नाही. लॉगिनचंही तेच निघालं, एचबीएमध्ये सगळीकडे स्क्रॅमच होतं.

एवढंच विचारायचं राहिलं: तीन केंद्रांवर ड्रायव्हर ४२.२ च्या आधीचा आहे आणि तिथला जावा सहा आहे. सॉफ्टवेअर न बदलता तिथे स्क्रॅम चालवलेलं कुणी आहे का? २३ तारखेच्या रात्री खरं स्थलांतर करतोय, त्याआधी कळलं तर बरं होईल.