चर्चा: जौनपूरच्या शाही पुलावर गाड्या हव्यात का?

महालकर: आईला काशीला नेलं होतं. तिथून साठेक किलोमीटरवर जौनपूर, म्हणून इमरती खायला गेलो आणि गोमतीवरच्या शाही पुलावर अडकलो. अकबराच्या काळात मुनीम खानानं बांधलेला दगडी पूल, राज्य पुरातत्त्व खात्याच्या संरक्षित यादीतला. खांबांवर छत्र्या, म्हणजे छोटे मंडप, आहेत. एकीत टेकून बसलो, तर भरलेला टेम्पो गेला की पाठीला दगडातून हादरा जाणवायचा. शेजारी नवा पूल असताना हे कशाला? माझं मत, दुचाकीसुद्धा नको. प्रागच्या चार्ल्स पुलावरून एकेकाळी ट्राम धावायची, आता फक्त माणसं चालतात.

इतवारीवाला: काऊन बाप्पा? एक दिवस गेले अन् लोकांचा रस्ता बंद करून आले! आपल्या नागपुरात, इतवारीत असं कोणी म्हणून तर पाहा. साडेचारशे वर्षं बैलगाड्या गेल्या त्यावरून. वर्दळ थांबली की उरतात पिंपळाची रोपं अन् खर्र्याच्या पिचकाऱ्या.

नदीकाठचा: सारी नोकरी पुलांच्या कामात झाली, म्हणून बोलतो. कमानीला वजनाचं वावडं नसतं. दगड दगडाला दाबून धरतो म्हणूनच ती उभी राहते. घात होतो पाया सरकला की. पुरात खांबाच्या बुडाशी भोवरे पडतात, माती उपसली जाते, वरून पत्ताही लागत नाही. महाडचा सावित्रीवरचा 1928 चा दगडी पूल 2 ऑगस्ट 2016 च्या रात्री पुरातच गेला, दोन एसट्या घेऊन. तुम्ही दोघंही वरच बघताय. अन् डागडुजीत सांध्यांमध्ये सिमेंट नको. चुना ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती कोंडतं, मग दगडाचेच पापुद्रे सुटतात.

इतवारीवाला: म्हणजे काका माझ्या बाजूनं!

नदीकाठचा: नाही रे. पायाची खात्री नसेल तर वर ओझं कशाला? 1934 च्या भूकंपानंतर शाही पुलाच्या सात कमानी नव्यानं बांधाव्या लागल्या होत्या. पाणबुडे उतरवून पाया तपासा, तोवर फक्त सायकल-दुचाकी.

तर्रीपोहे: 23 सप्टेंबर 2023 ला नाग नदी आमच्या बैठकीत होती, दिवाणाच्या गादीपर्यंत. आमच्या गल्लीजवळच्या पुलाखाली अजून गाद्या अन् थर्माकोल अडकलंय. जौनपूरचं नंतर पाहू ना.

महालकर: दुचाकीपुरती माघार. टेम्पो नाहीच. तर्रीपोहे, वेगळा धागा काढा, फोटो टाका. पहिला प्रतिसाद माझा.