न मागता मिळालेला पुरस्कार : तुमचे अनुभव सांगा

सातपुडा_ताई
भाचीने आज राष्ट्रपती भवनातल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्कारांचा व्हिडिओ पाठवला. 1973 पासून दिला जातो हा पुरस्कार, आणि मोठ्या हॉस्पिटलातल्या मेट्रनइतकाच मान त्यात उपकेंद्रावरच्या एएनएमलाही, म्हणजे आरोग्यसेविकेलाही मिळतो. एक एएनएम ताई साडीचा पदर सावरत पुढे गेल्या आणि मला माझा दिवस आठवला.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या अक्कलकुवा तालुक्यात, मोलगीच्या पुढे आरोग्यसेविका होते. पाडे डोंगरावर विखुरलेले. गोवरची लस एकदा द्रावण घालून तयार केली की चार तासांत संपवायची, उरली तर फेकायची. म्हणजे बाटली फोडण्याआधी पोरं एका जागी जमायला हवीत. त्यात दिवाळीनंतर निम्मं गाव ऊसतोडीला गुजरातेत, ते परत यायचं होळीला. सरकारी रजिस्टरात या पोरांपुढे नुसतं ‘बाहेरगावी’ लिहायची पद्धत. मला ते पटेना. मी एक वेगळी वही केली. कोणतं कुटुंब कुठल्या मुकादमाबरोबर गेलं, कोणत्या बाळाचा कितवा डोस राहिला, होळीला कोणाच्या घरी उतरणार. होळीच्या आठवड्यात लसीचा डबा घेऊन मी त्या घरांच्या दारात असायचे.

एके दिवशी तालुक्याहून फोन आला. मला वाटलं मासिक अहवाल मागतायत. तर जिल्ह्याच्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल पुरस्काराला माझं नाव लागलं होतं. मी अर्जच केला नव्हता. पुढे कळलं, आमच्या आरोग्य सहाय्यिका बाईंनी भेटीला आल्या असताना त्या वहीच्या झेरॉक्स काढून प्रस्तावाला जोडल्या होत्या. मला एका शब्दानं बोलल्या नाहीत. पुरस्कारापेक्षा मला हेच जास्त भिडलं, की माझी वही कोणीतरी वाचली.

तुमच्यापैकी कोणाला कामात असं अवचित काही मिळालंय का? आणि नाव कोणी पाठवलं होतं, तेही लिहा.

लालपरीची_लेक
ताई, डोळे भरले वाचून. माझे बाबा एसटीत चालक. महाबळेश्वरहून आंबेनळी घाटातून खाली पोलादपूर, पावसाळ्यात धुक्यात समोरची दरी दिसायची नाही. विनाअपघात सेवेचा सपत्नीक सत्कार असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं. आगारातून निरोप आला, "उद्या वहिनींना घेऊन या." आई रात्रभर जागी, काय झालं असेल म्हणून. सेवापुस्तकं तपासणाऱ्या लिपिक मॅडमनी नाव काढलं होतं. आईला साडी-चोळी मिळाली. ती म्हणाली घाटात गाडी यांनी चालवली पण देव मी पाण्यात ठेवले, तेव्हा हा सत्कार माझाच. बाबा लगेच हो म्हणाले.

निफाडकर
@लालपरीची_लेक आईंना नमस्कार सांगा!! एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 ला पुणे-नगर धावली. तेव्हापासूनच्या सगळ्या चालकांच्या घरच्यांना असा सत्कार मिळायला हवा.

मिरजेची_लेक
ड्यूटीवरून आत्ताच आले, वाचलं आणि राहवलं नाही. मी टेक्सासमध्ये आयसीयूत नर्स आहे, शिक्षण मिरजेत झालं. इकडे डेझी पुरस्कार असतो. त्याची सगळी गंमतच अशी की ज्याला मिळतो त्याला आधी सांगत नाहीत. नाव पेशंट किंवा घरचे पाठवतात, सहकारीही पाठवू शकतात.

रात्रपाळी संपवून हँडओव्हर दिला, मॅनेजर म्हणाली दोन मिनिटं थांब, मीटिंग आहे. आत गेले तर सगळा मजला उभा आणि दालचिनीच्या रोलचा वास. मग मॅनेजरने एक पत्र वाचायला घेतलं. एका पेशंटच्या बायकोने लिहिलेलं. ते गृहस्थ व्हेंटिलेटरवर होते, गुंगीत. मिरजेत आमच्या सिस्टरांनी शिकवलं होतं, पेशंट शुद्धीवर असो नसो, हात लावण्याआधी त्याला सांगायचं. तसं मी रात्रभर सांगायचे, आता कूस बदलतेय, आता तोंड पुसतेय, आता थोडं टोचेल. त्या बाई खुर्चीत झोपल्यात असं मला वाटायचं. त्या जाग्या होत्या. पत्रात लिहिलं होतं, "ही माझ्या नवऱ्याशी बोलत होती म्हणून मला खात्री होती की तो अजून इथेच आहे."

दालचिनीच्या रोलचं कारण सांगते. पॅट्रिक बार्न्स नावाचा 33 वर्षांचा तरुण 1999 मध्ये रक्ताच्या प्लेटलेटच्या आजारात गेला. आजारपणात त्याची अन्नावरची वासना गेली होती. वडिलांनी खायला आणलेल्या दालचिनी रोलचा घास घेतला, तो आवडला, तर म्हणाला उद्या नर्सेसनाही आणा. त्याच्या घरच्यांनी नर्सेसचे आभार मानायला हा पुरस्कार सुरू केला, म्हणून रोल अजून देतात. बरोबर झिम्बाब्वेच्या शोना कलाकारांनी हाताने कोरलेली दगडी मूर्ती. माझ्या देवघराशेजारी आहे.

सातपुडा_ताई
@मिरजेची_लेक बाळा, सांगून हात लावायचं हे आम्हालाही शिकवलं होतं. तुझ्या सिस्टर हयात असतील तर त्यांना हे पत्र वाचून दाखव.

मिरजेची_लेक
@सातपुडा_ताई आहेत, 80 च्या पुढे आहेत. या रविवारी फोन करतेच.

खोडवा_पाटील
आमच्याकडे वडिलांना ऊस उत्पादनाचा पुरस्कार मिळाला. मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये दरवर्षी कार्यक्रम असतो, पूर्वहंगामी, सुरू, खोडवा असे वेगवेगळे गट. वडिलांचा खोडव्यात नंबर, म्हणजे लागण तुटल्यावर त्याच बुडख्यातून पुन्हा फुटलेल्या उसात. खोडव्याकडे लोक लक्ष देत नाहीत, लागण तुटली की पाचट पेटवून देतात. वडिलांनी पाचट कधी जाळलं नाही. सरीत दाबायचं, वरून युरिया आणि सुपर फॉस्फेट, बुडखे जमिनीलगत छाटून घ्यायचे. कारखान्याच्या स्लिपबॉयने, म्हणजे तोडीच्या पावत्या बघणाऱ्या पोराने, तोड चालू असताना वजनं बघितली आणि शेतकी अधिकाऱ्याला फोन केला, साहेब हे बघायला या. नाव त्याने सुचवलं, पोरगं 22-23 वर्षांचं. कार्यक्रमाला वडील त्यालाच गाडीत पुढे बसवून घेऊन गेले, मी मागे.

निफाडकर
वाण कोणता?

खोडवा_पाटील
को 86032. पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राचा.

निफाडकर
आमच्याकडे 265 लावतात, चोपण जमिनीत तोच टिकतो. खोडवा तुमचा कितवा होता?

खोडवा_पाटील
पहिलाच. दुसरा पण चांगला आला. पाचट कुजवायला जिवाणू टाका, शेणकाला करून. फोन करा निवांत, सगळं सांगतो.

खडूफळा
मी जिल्हा परिषद शिक्षिका. माझा स्वतःचा अनुभव नाही, पण 3 डिसेंबर 2020 ची संध्याकाळ विसरणार नाही. परितेवाडीच्या रणजितसिंह डिसले गुरुजींना ग्लोबल टीचर प्राइज जाहीर झालं. लंडनहून ऑनलाइन घोषणा, आणि इकडे आई-वडिलांच्या मधे बसलेले गुरुजी एकदम उठले. दहा लाख डॉलरचा पुरस्कार, आणि तिथल्या तिथे सांगितलं की अर्धी रक्कम अंतिम फेरीतल्या बाकीच्या नऊ शिक्षकांना. सोलापूर जिल्ह्यातली द्विशिक्षकी शाळांची गावं आम्हाला ठाऊक आहेत, म्हणून ते जास्त भिडलं. दुसऱ्या दिवशी माझ्या वर्गातल्या मुलाने विचारलं, बाई तुमचं नाव पाठवायला काय करावं लागतं? मला तोच पुरस्कार.

जनमित्राची_बायको
कुकर लावलाय, थोडक्यात लिहिते. हे महावितरणचे लाइनमन, त्यांना जनमित्र म्हणतात. 1 मे ला उत्कृष्ट जनमित्र म्हणून नाव पुकारलं तेव्हा हे फीडर बंद पडला म्हणून शेतात खांबावर होते. मुलगा जाऊन घेऊन आला. नाव कनिष्ठ अभियंत्यांनी दिलेलं. संध्याकाळी हे आले, प्रमाणपत्र हातात घेण्याआधी हात दोनदा साबणाने धुतले.

लालपरीची_लेक
@जनमित्राची_बायको हात धुतले हे वाचून गलबललं.

येवला_माग
पैठणी विणतो. विणकर सेवा केंद्राचे साहेब घरी आले होते, मागावर असावलीचा, म्हणजे फुलावेलीच्या नक्षीचा, पदर चालू होता. साडी उलटी करून बघितली, मागची बाजू पुढच्यासारखीच स्वच्छ. म्हणाले ही स्पर्धेला द्या. मी नको म्हणत होतो, गिऱ्हाईक ठरलेलं होतं. त्या गिऱ्हाईक ताईच म्हणाल्या, आधी स्पर्धेला जाऊ द्या, मी थांबते. बक्षीस लागलं. साडी त्यांनाच दिली, ठरल्या भावात. मुलीच्या लग्नात त्या तीच नेसल्या, आम्हाला घरचं बोलावणं होतं.

आमसुल_प्रेमी
विषय सोडून विचारते, माफ करा. @सातपुडा_ताई मोलगीचं आमचूर प्रसिद्ध आहे ना? कुठे मिळेल?

सातपुडा_ताई
मोलगीच्या बाजारात. उन्हाळ्यात बाया कैऱ्या सोलून फोडी दगडांवर वाळवतात. आत्ता मे महिना, ऐन हंगाम. पांढऱ्या फोडी बघून घ्या, काळपट नको.

टपालवाली
राजापूरकडे शाखा डाकघर सांभाळते. गावात मुलगी जन्मली की बारशाला सुकन्या समृद्धीचा फॉर्म घेऊनच जाते, 2015 ला योजना आली तेव्हापासून. काही घरात पहिला हप्ता भरायला आजी पदराची गाठ सोडते. 10 ऑक्टोबरला टपाल दिनाच्या कार्यक्रमात टाळ्या वाजवायला म्हणून गेले होते, माझंच नाव घेतलं. मेल ओव्हरसियर भाऊंनी पाठवलेलं. ते सायकलवरून तपासणीला यायचे आणि पासबुकं मोजायचे, तेव्हा मनात कायम धाकधूक. आता कळलं कशाला मोजत होते!

खडूफळा
@सातपुडा_ताई एक विचारू? आमच्या गावच्या आशाताईंनी गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पूर असताना एका बाळंतिणीला ट्रॅक्टरवरून आरोग्य केंद्रात आणलं. त्यांचं नाव पाठवायचं तर कसं?

सातपुडा_ताई
जिल्ह्याचे आशा पुरस्कार असतात. आधी त्यांच्या डायरीतली त्या महिन्याची पानं झेरॉक्स कर. बाळंतपणाची नोंद आरोग्य केंद्राच्या रजिस्टरात असेल, तिची तारीख लिहून घे. ट्रॅक्टरवाल्याचं आणि बाळाच्या आईचं चार ओळींचं पत्र जोड, त्यांच्याच शब्दांत. मग गटप्रवर्तक ताईंकडे दे, पुढे वैद्यकीय अधिकाऱ्यांची शिफारस लागते. आशाताईंना आत्ताच सांगू नकोस.

खडूफळा
नाही सांगत. ट्रॅक्टरवाला माझ्या माजी विद्यार्थ्याचे वडील आहेत, संध्याकाळी जाते.

खोडवा_पाटील
पत्राचा मजकूर टाइप करायला मदत लागली तर सांगा मॅडम, मुलगी करून देईल.