दोन कोडफोर्सेस हँडलची तुलना: रेटिंग सोडून काय मोजावं?

रामबाग_इंदूर
इंदूरला आमच्या कॉलेजच्या कोडिंग क्लबसाठी छोटं पायथन टूल लिहितोय. कोडफोर्सेस या प्रोग्रॅमिंग स्पर्धांच्या साइटवरचे दोन हँडल (खातेनावं) टाकले की दोघांची कामगिरी शेजारी-शेजारी दिसली पाहिजे. आयसीपीसी या तिघातिघांच्या कॉलेज प्रोग्रॅमिंग स्पर्धेसाठी टीमची तिसरी जागा भरायची आहे आणि निवड दोघांत अडली आहे. सध्या टूल रेटिंग, कमाल रेटिंग आणि सुटलेल्या प्रश्नांची संख्या दाखवतं. एकाचे ६१२ प्रश्न आणि रेटिंग १४८०, दुसऱ्याचे २७० प्रश्न आणि रेटिंग १४६५. यावरून काय ठरवायचं? शिवाय टूल मध्येच 'कॉल लिमिट एक्सीडेड' म्हणून थांबतं.

तुकोगंज_ग्राफ
थांबण्याचं कारण सोपं आहे. एपीआय (साइटचा डेटा मागवायची सोय) दोन सेकंदांत एकच विनंती घेतं. प्रत्येक कॉलनंतर २ सेकंदांहून थोडं जास्त थांबा आणि आलेला जेसन (मजकूर-रूपातला डेटा) डिस्कवर साठवा. जुन्या कॉन्टेस्टचा डेटा सहसा बदलत नाही, तो पुन्हा मागवायची गरज नाही.

आता मुख्य गोष्ट. दोघं एकाच रेटेड (रेटिंग बदलणाऱ्या) यादीत बसले होते तेवढेच कॉन्टेस्ट तुलनेला घ्या. 'युजर.रेटिंग' (प्रत्येक रेटेड कॉन्टेस्टची रँक आणि रेटिंग) दोन्ही हँडलसाठी मागवा आणि कॉन्टेस्ट आयडीवर छेद काढा, म्हणजे दोन्हीकडे असलेले आयडीच ठेवा. एक डिव्ह १ (वरच्या रेटिंगचा गट) मध्ये आणि दुसरा डिव्ह २ (खालचा गट) मध्ये असेल तर आयडी वेगळे असतात, म्हणजे ती जोडी आपोआप गळते. गळलीच पाहिजे. डिव्ह २ मधला ३०० वा आणि डिव्ह १ मधला ३०० वा यांची बरोबरी होत नाही.

राहिलेल्या प्रत्येक कॉन्टेस्टसाठी आधीच्या रेटिंगवरून अपेक्षा काढा: १ ÷ (१ + १०^((ब − अ) ÷ ४००)). यात अ हे आपल्या मुलाचं आणि ब हे दुसऱ्याचं रेटिंग. फरक १२० असेल तर वरच्याचा नंबर पुढे लागण्याची शक्यता साधारण ६७ टक्के येते. या सगळ्यांची बेरीज म्हणजे अपेक्षित विजय, आणि रँकवरून मोजलेले ते खरे विजय. रँक सारखी असेल तर दोघांना अर्धा-अर्धा द्या. हे दोन आकडे शेजारी ठेवले की कोण आपल्या रेटिंगपेक्षा बरं खेळतंय ते कळतं.

इथे एक खड्डा आहे. २०२० च्या मे नंतर उघडलेली खाती ० दाखवून सुरू होतात, पण हिशेब आतून १४०० धरून चालतो. पहिल्या सहा कॉन्टेस्टमध्ये दाखवल्या जाणाऱ्या रेटिंगला ५००, ३५०, २५०, १५०, १०० आणि ५० अशी भर पडते. म्हणून पहिल्या कॉन्टेस्टच्या 'ओल्डरेटिंग'मध्ये (कॉन्टेस्टआधीच्या रेटिंगमध्ये) १४०० मिळवा, मग क्रमाने ९००, ५५०, ३००, १५०, ५०. सातव्यापासून काही नाही. ही दुरुस्ती केली नाही तर नवा मुलगा आलेखात रॉकेटसारखा वर जाताना दिसतो आणि सगळे फसतात.

लोकमान्यनगर_डीपी
प्रश्नांच्या संख्येबद्दल. 'युजर.स्टेटस'मध्ये (सबमिशनच्या यादीत) एकाच प्रश्नाचे चार ओके (बरोबर ठरलेली सबमिशन) असू शकतात, ते एकच धरा. डिव्ह १ चा 'ए' आणि डिव्ह २ चा 'सी' पुष्कळदा एकच प्रश्न असतो, आयडी मात्र दोन. नाव आणि कॉन्टेस्टची सुरुवातीची वेळ दोन्ही जुळली तर एकदाच मोजा.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'पार्टिसिपंट टाइप', म्हणजे सबमिशन कुठल्या प्रकारे दिलं ते. प्रॅक्टिसमधला १८०० चा (प्रश्नाच्या अवघडपणाचं रेटिंग) प्रश्न एडिटोरियल (साइटवरचं उत्तराचं स्पष्टीकरण) वाचून सुटला की स्वतः सुटला हे डेटा सांगत नाही. म्हणून कंटेस्टंट, आउट ऑफ कॉम्पिटिशन (अधिकृत यादीबाहेर बसलेले) आणि व्हर्चुअल (जुना कॉन्टेस्ट नंतर घड्याळ लावून दिलेला) एवढेच घ्या. ६१२ विरुद्ध २७० हा फरक मग बराच आटू शकतो. प्रॅक्टिसमध्ये 'रिलेटिव्ह टाइम' (सुरुवातीपासूनचे सेकंद) २१४७४८३६४७ येतो. तो गाळला नाही तर सरासरी वेळेचा पार चुथडा होतो.

चुकीचे प्रयत्न पहिल्या ओकेच्या आधीचेच मोजा. कंपायलेशन एरर आणि पहिल्याच टेस्टवर पडलेले सोडून द्या, कोडफोर्सेसवर त्यांना दंड नसतो. आयसीपीसीत चुकीला २० मिनिटं बसतात, त्यामुळे हा आकडा तुमच्या निवडीत रेटिंगपेक्षा जड ठरावा.

तारखेनुसार सराव दाखवणार असाल तर वेळ यूटीसीत येते. १९८०० सेकंद मिळवा, नाहीतर आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या आधी दिलेलं सबमिशन आदल्या दिवसात जातं.

आणि तिसऱ्या जागेसाठी या दोघांचीच तुलना पुरत नाही. आधीच्या दोन मुलांचे हँडलही घ्या. १६०० ते १९०० रेटिंगच्या प्रश्नांचा टॅगनुसार (विषयानुसार) तक्ता करा. ग्राफ त्या आधीच्या दोघांनाही येत असतील आणि जॉमेट्री, स्ट्रिंग कोरं असेल, तर ते भरणारा घ्या, रेटिंग पन्नासने कमी असलं तरी. आयसीपीसीत टीमला संगणक एकच असतो, तिघं एकाच विषयात तरबेज असून उपयोग नाही.

रामबाग_इंदूर
छेद काढला, सामाईक कॉन्टेस्ट फक्त ५ निघाले. यावर भरवसा ठेवावा?

तुकोगंज_ग्राफ
नाही, ५ फारच कमी. दोघांनाही जिममधला (कोडफोर्सेसवरचा इतर स्पर्धांच्या सेटचा विभाग) एकच जुना पाच तासांचा सेट व्हर्चुअल म्हणून, वेगवेगळं बसवून द्या. असे दोन-तीन सेट झाले की चित्र स्पष्ट होईल. जिमचे आयडी १००००० च्या पुढचे असतात आणि त्या प्रश्नांना रेटिंग नसतं, म्हणून तिथे सुटलेले प्रश्न आणि पेनल्टीच बघा. 'कॉन्टेस्ट.स्टँडिंग्ज' (निकालाची यादी) मागवताना 'शो अनऑफिशियल' ट्रू ठेवा, नाहीतर व्हर्चुअलच्या ओळी यादीत येतच नाहीत.