रक्तसाक्षी की हुतात्मा?

प्रश्न: आरंभीच्या ख्रिस्ती संतांवर लेख लिहिते आहे. ‘मार्टर’ला हुतात्मा म्हणावे, शहीद की रक्तसाक्षी?

उत्तर: रक्तसाक्षीच लिहा, म्हणजे रक्त सांडून श्रद्धेची साक्ष देणारा. मूळ ग्रीक ‘मार्तिस’ म्हणजे साक्षीदार, न्यायालयात उभा राहतो तोच. बायबलच्या नव्या करारातील प्रेषितांची कृत्ये 22:20 मध्ये स्तेफनाचे रक्त सांडल्याची आठवण आहे, तिथेही मराठी बायबल त्याला ‘साक्षी’ म्हणते. पुढे दुसऱ्या शतकात स्मुर्णाचा वयोवृद्ध बिशप पॉलिकार्प मारला गेला. त्या हकिकतीपर्यंत या शब्दाला मरणाचा अर्थ पुरता चिकटलेला दिसतो.

रोमन अधिकाऱ्यासमोर सगळे येऊन ठेपायचे ते एका प्रश्नावर: तू ख्रिस्ती आहेस का? कार्थेजची पर्पेतुआ जेमतेम बाविशीची, अंगावर पिणारे मूल पदरात. वडील विनवायला आले तेव्हा तिने समोरचे भांडे दाखवून विचारले, याला दुसरे काही नाव देता येईल का? तसे मलाही ख्रिस्तीखेरीज काही म्हणवून घेता येणार नाही. 203 साली तिला आणि फेलिसिती या दासीला रिंगणात मारले. तिच्या त्या उत्तरातच सगळी साक्ष आली.

शंका: पण हुतात्मा सगळ्यांना कळतो. रक्तसाक्षी चर्चबाहेर फारसा कानावर पडत नाही.

उत्तर: कळतो, मान्य. पण ‘हुत’ म्हणजे अग्नीत आहुती दिलेले. रोमन सत्ता या लोकांकडून देवतांपुढे अर्पणच मागत होती आणि ते नाकारले म्हणून त्यांना मरण आले. त्यांच्याच नावात हवन घालणे मला फार खटकते. शहीद अर्थाने जवळचा आहे, अरबीतही त्याचे नाते साक्षीशीच. मराठीत मात्र तो आता रणांगणावरच्या सैनिकाचा झाला आहे. रक्तसाक्षी अनोळखी वाटला तर पहिल्या उल्लेखाला अर्थ सांगा, वाचक सामावून घेतात. वसईत जन्मलेले आणि 1597 साली नागासाकीला क्रुसावर मारले गेलेले संत गोन्सालो गार्सिया यांनाही तो शोभतो.

शंका: मग नुसते ‘साक्षी’ का नको?

उत्तर: 177 सालच्या छळानंतर लियोंच्या (आजच्या फ्रान्समधील) ख्रिस्ती मंडळीने लिहिलेले पत्र चर्चचा आरंभीचा इतिहासकार युसेबियस याने जपले आहे. अनन्वित हाल सोसून तुरुंगात जिवंत असलेले लोक स्वतःला ‘मार्तिस’ म्हणू देत नसत, कुणी म्हटले तर रागावत. ते नाव ख्रिस्ताचे आणि कबुली देऊन प्राण गेलेल्यांचे, आम्ही नुसते कबुली देणारे, असे ते सांगत. नुसत्या ‘साक्षी’त हा फरक दिसत नाही, म्हणून ‘रक्त’ हवे.